खळ्यावरची दातेरी पट्टी

आमच्या कंपनीत भिंतीवर मोठ्या हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'शेतकरी आधी'. त्याच्या बरोबर खाली कॉफीचं यंत्र होतं. कंपनीत शेतकरी आलेला मी एकदाच पाहिला, आणि तोही पत्ता चुकून आलेला. त्याला शेजारच्या गाळ्यातून पंप दुरुस्त करून घ्यायचा होता. त्याला आधी कॉफी पाजली, मग दोन्ही बाजूंनी उभं राहून फोटो काढले, आणि मगच शेजारचा गाळा दाखवला.

कंपनी म्हणजे मुरबाडच्या एमआयडीसीतला एक भाड्याचा गाळा. मधे काचेची भिंत. मागच्या अर्ध्यात आम्ही काम करायचो, पुढच्या अर्ध्यात विचार करायचे. बनायची एकच वस्तू: पायाने चालवायचं भात झोडायचं यंत्र. एक आडवा ढोल, त्याला तारेचे आकडे, खाली पॅडल. पॅडल मारलं की ढोल फिरतो. भाताची पेंढी लोंब्यांकडून ढोलावर धरली की दाणे खाली पडतात आणि पेंढा अख्खाच्या अख्खा हातात राहतो. इकडे पेंढा मोडून चालत नाही. घरच्या गुरांना तोच आणि तबेल्यावाल्यांना विकायलाही तोच. अशी यंत्रं पूर्वीपासून आहेत हे मला किन्हवलीच्या बाजारात एका चहाच्या वेळात कळलं होतं. पण आमच्या यंत्रावर भाताच्या लोंबीचं चित्र होतं आणि त्याची घडी घालता यायची. म्हणून ते नवीन.

मी वेल्डर. मूळचा किनवटकडचा, आठवी अर्धी टाकून निघालेला. मुरबाडला ठेकेदाराबरोबर आलो, एका कारखान्यात हेल्परी करता करता वेल्डिंग शिकलो आणि तो कारखाना बंद पडला. मग या गाळ्याच्या दारात उभा राहिलो. मालक माझ्याहून लहान. इंजिनिअर, दाढी कोरलेली. त्याने कागद मागितला नाही, शाळा विचारली नाही. दोन लोखंडी अँगल पुढे टाकले आणि म्हणाला, "जोडून दाखव." जोडले. "उद्यापासून ये." त्या एका वाक्याचं ओझं मी अजून वाहतो. आजही त्याच्याविषयी काही वाकडं लिहायचं तर आधी एकदा मागे वळून बघतो.

तो म्हणायचा, मला साहेब म्हणू नको, भाऊ म्हण. आपण सगळे एक कुटुंब आहोत. कुटुंबातली हजेरी रोज सकाळी अंगठा लावून व्हायची. मी साहेबच म्हणत राहिलो.

आईचा फोन यायचा दर आठवड्याला. तब्येत, पाऊस, बहिणीची पोरं हे सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच, "काढलं नाही ना रे?" मी म्हणायचो, नाही. मग ती सुस्कारा सोडायची आणि मीही. जणू तिने विचारलं म्हणूनच आणखी एक आठवडा मिळाला.

राहायला मी किन्हवलीच्या अलीकडच्या एका गावात होतो, एका काकींच्या पडवीत. रोज जीपने येऊन-जाऊन. काकींचं शेत रस्त्याला लागून, भाताचं. त्या मला नावाने कधी हाक मारत नसत. मी घाटावरून आलेला म्हणून 'घाटी'. वेल्डिंगने डोळे भाजून निघाले की काकी स्वतःच बटाट्याचे काप कापून आणायच्या आणि डोळ्यांवर थापता थापता शिव्या घालायच्या. मी म्हणायचो, "काकी, तुमचे उपकार झाले." की त्या आणखी भडकायच्या.

"उपकार, उपकार! जीपवाल्याला पण उपकार म्हणतोस, पैसे देऊन वर. अरे भरलेली लोंबी वाकते नि पोचट लोंबी ताठ उभी राहते. तू पोचट असून वाकतोस. कसलं वाण रे तुझं?"

तर यंत्र. ते चांगलं होतं. एकच खोड, ते विकत घेणाऱ्याला परवडत नव्हतं आणि विकणाऱ्यालाही. प्रत्येक यंत्रामागे कंपनीला खोट. मुंबईच्या एक बाई पैसे लावायला तयार होत्या, पण म्हणाल्या, आधी खर्च खाली आणा, मग खळ्यावर चालवून दाखवा. ते जमलं नाही तर गाळा बंद. हे साहेबाने आम्हाला गोल उभं करून सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "ही संधी आहे, फ्रेंड्स." गाळा बंद होण्याला संधी म्हणायला वेगळं शिक्षण लागतं.

खर्च खाली आणायला पुण्याहून एक सल्लागार बोलावले. त्यांचं नाव आम्ही मागच्या अर्ध्यातल्या लोकांनी कात्रीवाले ठेवलं. त्यांनी आल्या आल्या यंत्र पूर्ण उघडायला लावलं. फरशीवर पांढरी चादर, चादरीवर सगळे भाग, आणि कडेने सगळे उभे. मयताला जमल्यासारखे. मग ते एकेक भाग हातात घ्यायचे, उजेडात धरायचे आणि मोठ्याने विचारायचे, "हा इथं कशाला आहे?"

साहेब उत्तर द्यायचा. उत्तर पटलं तर भाग उजवीकडे, नाही तर डावीकडे. बेअरिंगचं झाकण डावीकडे. उचलायच्या दोन मुठी डावीकडे, एक पुरे. रंगाचा दुसरा हात डावीकडे. मग त्यांनी पॅडलची फळी उचलली. ऐनाची फळी, सरळगावच्या एका सुताराकडून रंधून आणलेली.

"लाकूड?" ते म्हणाले. "आपण कुठल्या शतकात आहोत?"

सगळे हसले. सुतार वेळेवर देत नाही, प्रत्येक फळी वेगळ्या जाडीची येते, हे खरंच होतं. फळी डावीकडे गेली. तिच्या जागी कारखान्याच्या लोखंडी जिन्याला असते तशी दातेरी पत्र्याची पट्टी. तयार मिळते, हवी तेवढी कापायची, शिवाय पाय घसरत नाही. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. माझं लक्षच तिकडे नव्हतं. चादरीवर आता सांगाडाच उरला होता.

कात्रीवाल्यांनी सांगाड्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. माझ्या वेल्डिंगच्या टाक्यावर. "आणि हे? हे सगळं जोडकाम इथं कशाला आहे?"

साहेबाने वाकून सांगाडा बघितला. मी काचेच्या भिंतीला टेकून उभा होतो. प्रश्न लोखंडाला होता, पण उत्तर मी शोधत होतो.

"पत्रा वाकवून आणा, नट-बोल्टने जोडा. वेल्डिंग शून्य," ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. सगळे वाजवत असताना एकट्याने हात खिशात ठेवायचे तर त्यालाही हिंमत लागते.

नंतर साहेबाने मला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला. "तुझं बघू काहीतरी. टेन्शन घेऊ नको."

"उपकार झाले, साहेब," मी म्हणालो.

'बघू' या शब्दाइतका स्वस्त माल जगात दुसरा नाही. त्याला पत्रा लागत नाही, मजुरी लागत नाही, आणि घेणारा मात्र घरी नेऊन रोज उघडून बघतो. मी जीपमध्ये बघायचो, जेवताना बघायचो. नवीन सांगाड्याचा पहिला नमुना बसवायचं काम माझ्याकडेच आलं. माझ्याशिवाय यंत्र कसं उभं राहतं हे बघायला मीच पाना घेऊन बसलो होतो. उभं राहिलं. नीट राहिलं. तेच तर वाईट.

चाचणी गाळ्यातच झाली. भाताचे भारे टेम्पोतून आणले, सिमेंटवर रचले. पिवळ्या पट्ट्यांच्या आत आलात तर सेफ्टी शूज सक्तीचे, असा बोर्ड. त्यामुळे पॅडल मारणारे सगळे बुटात. साहेब बुटात, कात्रीवाले पाहुण्यांसाठी ठेवलेल्या जादा मापाच्या बुटात, मी बुटात. पुढच्या अर्ध्यातली एक मुलगी चित्रीकरण करत होती. "ग्रिप बघ, ग्रिप!" साहेब ओरडत होता. खरंच, पाय जरासुद्धा घसरत नव्हता. त्या संध्याकाळी केक आणला. केकवर भाताची लोंबी काढलेली होती.

खळ्यावर दाखवायची वेळ आली तेव्हा साहेबाने विचारलं, जवळपास कुणाचं शेत आहे का. मी काकींना विचारलं. त्यांनी अट घातली. आमचं जुनं यंत्र, फळीचं आणि वेल्डिंगचं, गाळ्यात मागे पडलेलं आहे ना, ते त्यांना कायमचं मिळायला हवं. "नव्याचा काय भरवसा? तुजा साहेब नवा, त्याची दाढी नवी." साहेब लगेच तयार झाला. तसंही ते भंगारात जाणार होतं.

दिवाळी उलटली होती. काकींनी खळं चोपून, शेणाने सारवून ठेवलं होतं. सावडीला आलेल्या बायका-पुरुष सकाळपासून तिथेच; आज काकींचं भात, उद्या त्यांच्यापैकी कुणाचं, अशी ही पद्धत. साहेबाची गाडी आली, मागून टेम्पोत यंत्र आणि मी. पैसे लावणाऱ्या बाई सुती साडीत होत्या. त्यांनी खळ्याच्या कडेला चपला काढल्या, न सांगता. तिथे बांधावर आधीच चपलांची रांग लागलेली होती, रबरी, प्लॅस्टिकच्या, एक जोड चांगल्या चामड्याचा. त्यांच्या शेजारी बाईंनी आपल्या ठेवल्या.

साहेब चांगला माणूस, त्यानेही बूट काढले, मोजे काढले, मोजे बुटात कोंबले. कात्रीवाले बुटासकट आत येत होते. काकी ओरडल्या, "ओ पाव्हणं! वहाणा भायेर!" त्यांनी इकडेतिकडे बघितलं, मग नाइलाजाने काढले. मी टेम्पोच्या मागच्या बाजूला चप्पल काढता काढता यंत्राच्या पॅडलकडे बघितलं आणि मला एकदम समजलं की आता काय होणार आहे. माझ्या किनवटकडेही खळ्यावर कुणी वहाण घालत नाही. पण गाळ्यात सिमेंट होतं, बोर्ड होता. खळं तिथे कुणाच्या डोक्यात येणार?

साहेबाला फोटो हवा होता म्हणून तो स्वतःच पुढे झाला. हातात पेंढी, चेहऱ्यावर हसू, उजवा पाय पॅडलवर. एकदा मारलं. दुसऱ्यांदा मारलं. हसू तिथेच राहिलं, पण त्याच्या मागचा माणूस निघून गेला होता. तिसऱ्यांदा पाय उचलला तो खाली आलाच नाही. पेंढी छातीशी धरून साहेब बगळ्यासारखा एका पायावर उभा.

"काय झाला रे?" काकी म्हणाल्या. "काटा गेला काय? खळ्यात काटा नाय, आमी हातान झाडलाय."

"थोडंसं... टोचतंय," साहेब म्हणाला.

काकींनी स्वतः पाय ठेवला. त्यांचा तळवा आयुष्यभर बांधांवर चाललेला. तरी त्यांनीही तो पटकन मागे घेतला आणि वाकून पट्टीवरून बोट फिरवलं. "ही तं किसणी हाय गो!" त्यांनी बायकांकडे वळून सांगितलं. "साहेबान भाताबरोबर पाय पन किसायची सोय केलीय." बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. एकजण म्हणाली, "नारळ आण गो घरातून, चटणीपुरता होईल."

कात्रीवाले पुढे आले. अडचण दिसली की त्यांचा चेहरा उजळायचा. "सोपं आहे. फूटवेअर घालून चालवा."

"खळ्यावर?" काकी म्हणाल्या. "मी तुज्या देवघरात चपला घालून फिरू काय?"

त्यांना ते कळलं नाही. ते बाईंकडे वळले आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही अफोर्डेबिलिटीची अडचण आहे. आपण प्रत्येक यंत्राबरोबर एक रबरी चप्पल जोड फुकट देऊ शकतो. पट्टीत जे वाचलं त्यात बसेल."

शिकलेल्या माणसाच्या तोंडून इतकं अडाणी बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि मी मीटिंगा पुष्कळ ऐकल्या आहेत. काकींनी बांधाकडे हात केला. रांगेने ठेवलेल्या चपला. कात्रीवाल्यांनी बघितल्या. डोळे तिथे पोचले, पण डोकं पोचायला वेळ लागला. ज्यांना ते चप्पल वाटायला निघाले होते त्यांच्यातल्या एकीची चप्पल त्यांच्या बुटाशेजारीच होती, टाचेची, नवी.

"चपला हायेत आमाला," काकी म्हणाल्या. "घालायच्या कुठं तेवढी अक्कल पन हाय."

मग काकींनी आपला उपाय काढला. पॅडलवर बारदान गुंडाळलं, सुतळीने बांधलं. दहा-बारा वेळा नीट चाललं. त्या विजयी नजरेने सगळ्यांकडे बघत असतानाच बारदानाचं टोक खालच्या दांड्यात गेलं आणि यंत्र खाडकन अडकलं. काकींचा तोल गेला, बायकांनी धरलं. "बारदान पन खाल्ला मेल्यानं!" त्या म्हणाल्या, दोष अर्थातच यंत्राचा. हरायचं कसं हे त्यांनाही कुणी शिकवलेलं नाही.

बाई घड्याळाकडे बघत नव्हत्या, पण आता बघतील असं वाटत होतं. साहेब माझ्याकडे बघत होता, अजून एक पाय वर धरून.

मी काही केलं नसतं तरी चाललं असतं. यंत्र तिथेच मेलं असतं तर पत्र्याचा सांगाडा मेला असता आणि माझे टाके परत आले असते. किंवा गाळाच बंद झाला असता आणि टाक्यांसकट मीही गेलो असतो. चालू झालं तर गाळा वाचतो आणि वेल्डिंग जातं. तिन्हीकडून हिशोब करून झाला तरी माझं असं काहीच हाताला लागेना. आईचा प्रश्न कानात. आणि समोर एक पाय उचललेला मालक. तो बघवत नाही, काय करणार. माझं वाणच तसलं.

टेम्पोत मागे एक सुटी फळी होती, सामान हलू नये म्हणून अडवायला. ती काढली. टेम्पोवाला ओरडला, "ए, माझा माल!" त्याला म्हटलं, थांब जरा. बारदान उपसून काढलं, फळी दातेरी पट्टीवर ठेवली, तारेने दोन्ही टोकांना आवळली, पकडीने पीळ दिला. तारेची टोकं आत वळवली, पायाला लागू नयेत म्हणून. मग पाय ठेवून बघितला, अनवाणी. चाललं.

मग बायका आल्या. एक पॅडल मारते, दुसरी पेंढी धरते, तिसरी पुढची पेंढी देते. ढोलाचा घरघराट लागला, दाणे ताडपत्रीवर उडायला लागले. पेंढा अख्खा. बाईंनीही एक पेंढी धरून बघितली, अवघडल्या, पण हसल्या. काकी दाण्यांत हात घालून म्हणाल्या, "चालतोय. जुना बरा होता, पन चालतोय." साहेबाने दुसरा पाय खाली टेकला.

पैसे आले. सोमवारी गाळ्यात मीटिंग झाली. पडद्यावर माझ्या फळीचा फोटो, जवळून काढलेला. पीळ देणारा हात कापून टाकलेला. खाली लिहिलं होतं, 'बेअरफूट एक्सपिरियन्स'. कात्रीवाले उभे राहून सांगत होते की ग्रामीण ग्राहकाचं बारकाईने निरीक्षण केलं की अशा गोष्टी आपोआप सापडतात. नैसर्गिक लाकूड हा आपल्या यंत्राचा आत्मा आहे. हे तेच लाकूड, जे त्यांनी चादरीवर डावीकडे फेकलं होतं. टाळ्या वाजल्या. या वेळी मी वाजवल्या नाहीत. कुणाच्या लक्षातही आलं नाही; हिंमत फुकट गेली.

बाकी सगळं डावीकडचं डावीकडेच राहिलं. वेल्डिंग शून्य. माझा होल्डर गुंडाळून कोपऱ्यात ठेवायला सांगितला.

मीटिंग संपल्यावर साहेबाने परत खांद्यावर हात ठेवला. तळपायाला पट्टी बांधलेली, पायात मऊ स्लीपर. "मस्त केलंस त्या दिवशी. तुझं बघू काहीतरी."

"आताच बघा ना, साहेब," मी म्हणालो.

तो दचकला. कॉफीच्या यंत्राने अचानक तोंड उघडून काही मागावं तसा. मीही दचकलो. हे वाक्य माझ्यात कुठे होतं मला माहीत नव्हतं. पण बाहेर आलं होतं, आणि आत घेता येईना.

"म्हणजे... असेंब्लीला राहा," तो म्हणाला. "फळ्या बसवायला कुणी तरी लागेलच. पगार आहे तोच."

जिभेवर 'उपकार' आलाच होता. काकी आठवल्या. "बरं," म्हणालो. एवढंच. आणि काचेच्या मागे जाऊन पाना शोधायला लागलो.

संध्याकाळी पडवीत बसलो होतो. समोर खळ्याच्या कडेला जुनं यंत्र, माझ्या टाक्यांचं, काकींनी प्लॅस्टिकने झाकून ठेवलेलं. आईचा फोन आला.

"काढलं नाही ना रे?"

"नाही. वेल्डिंग काढलं."

"ते काय?"

"माझं काम."

ती म्हणाली, "मग तुला कशाला ठेवलंय?"

पुण्याच्या माणसाने चादरीवर विचारलेला प्रश्न. फक्त हिने विचारताना पदराने नाक पुसलं असावं असं वाटलं. "फळ्या बसवायला," मी म्हणालो. "लाकडाच्या. पाय ठेवायला."

"बरं झालं," आई म्हणाली. "डोळे तरी वाचतील तुझे."

डोळ्यांचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. आत काकी भांडी घासत होत्या, एरवीपेक्षा जरा जास्तच आवाज करत.